पिक्चर फुटला, आता सहा लाखांवर सही करू का?

पत्र : "आम्ही तीन मित्र आणि माझे मामा, सगळ्यांनी मिळून ८५ लाख घालून गुऱ्हाळघराच्या गोष्टीवर मराठी चित्रपट केला. शूटिंग सगळं करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे धरून ४६ थेटरांत लागला. शुक्रवारी लागला आणि सोमवारी एका ओळखीच्या माणसाचा फोन : मुंबईला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये तो टीव्हीवर चालू आहे. मंगळवारी आमच्याच पै-पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टेलिग्रामची लिंक पडली. आज नववा दिवस, रोजचे शो १७ वर आलेत. मुंबईचा एक एजंट म्हणतो, ओटीटीचे सहा लाख घ्या आणि मोकळे व्हा, पुढच्या आठवड्यात तेवढेही मिळणार नाहीत. सगळे हक्क, कायमचे. मामांना रात्रभर झोप नाही. लिंका कशा काढायच्या? पोलिसांत जायचं का? सही करायची का?" – एक निर्माता, शाहूपुरी

उत्तर :

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. या आठवड्यात कशावरही सही करू नका. एजंटानं सांगितलेली किंमत तुमच्या चित्रपटाची नाही, तुमच्या घाबरण्याची आहे. सहा लाख नाकारा असं आमचं म्हणणं नाही. पण आज काय शिल्लक आहे हे मोजल्याशिवाय ते घेऊ नका. आणि मोजण्याआधी एक काम आहे : प्रत कुठून फुटली ते शोधा.

टेलिग्रामवरची फाईल मोठ्या पडद्यावर, हेडफोन लावून, पहिली वीस मिनिटं बघा. चौकट एका बाजूला निमुळती झाली आहे का, खालच्या कडेला डोकी हलतात का, विनोदावर हशा ऐकू येतो का? तसं असेल तर ती थेटरात कॅमेरा किंवा मोबाईल लावून घेतलेली 'कॅम' प्रत. चित्र डळमळीत पण आवाज लख्ख असेल, तर आवाज दुसरीकडून आणून जोडलेला आहे, म्हणजे दोन ठिकाणी भोक आहे. आणि कडा सरळ, रंग जसेच्या तसे, हशा कुठेच नाही, असं असेल तर थेटरवाल्यांना दोष देऊ नका. ती फाईल तुमच्याच साखळीतून बाहेर पडली आहे. अशा वेळी ती कोणत्या टप्प्यावरची हेही ओळखता येतं. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दहा सेकंद दिसतं का? चित्रपटात विडी-तंबाखूचा प्रसंग असेल तर तंबाखूविरोधी ३० सेकंदांची फीत आहे का? दोन्ही नसतील तर प्रत शेवटच्या जोडणीच्या आधीची. कोपऱ्यात टाइमकोड, अर्धवट रंगदुरुस्ती, पार्श्वसंगीत न भरलेला एखादा प्रसंग, यांतलं काहीही सापडलं तर तारखेपर्यंत पोचता येतं. २०१६ साली एक मोठा हिंदी चित्रपट प्रदर्शनाआधीच फुटला, तेव्हा त्या प्रतीवर 'फॉर सेन्सॉर' अशी अक्षरं होती. लोकांनी ती वाचली आणि चर्चेची दिशाच बदलली.

कॅम प्रत निघाली तर पुढची वाट सोपी आहे. थेटरात जाणारं डिजिटल पॅकेज कुलूपबंद असतं आणि प्रत्येक थेटरच्या सर्व्हरसाठी वेगळी, ठरावीक तारखांपुरती चालणारी किल्ली दिली जाते. शिवाय डीसीआय (डिजिटल प्रोजेक्शनसाठी हॉलिवूडच्या स्टुडिओंनी ठरवलेलं) मानकाचा सर्व्हर खेळ चालू असताना चित्रात आणि आवाजात डोळ्याला न दिसणारी खूण मिसळत असतो. ती ३५ बिटांची असते : १६ बिट वेळेचे, १९ बिट जागेचे. वेळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या घरांत नोंदली जाते आणि दर पाच मिनिटांच्या तुकड्यात पूर्ण खूण असते. म्हणजे कोणत्या पडद्यावर, कोणत्या दिवशी, कोणत्या खेळाला हे कळू शकतं. आपल्याकडचे सगळे पडदे या मानकाचे नाहीत, पण इतर डिजिटल सेवा देणाऱ्यांच्याही स्वतःच्या खुणा असतात. वितरकामार्फत सेवा देणाऱ्या कंपनीला लेखी मागणी करा : सोबतच्या फाईलमधली खूण वाचून थेटर आणि खेळाची वेळ कळवावी. फाईल देताना एक चूक हमखास होते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि खूण पुसट होते. मूळ फाईलच पेनड्राइव्हवर द्या. नुसता तुकडा द्यायचा तर किमान तीस मिनिटांचा, मध्ये न तोडलेला.

फाईल तुमच्या बाजूनं फुटली असेल तर एक कागद घ्या आणि पूर्ण चित्रपट ज्याच्या-ज्याच्याकडे गेला त्याचं नाव, तारीख आणि कशावर दिला ते लिहून काढा. संकलन, डीआय (रंगदुरुस्ती), डबिंग, साउंड मिक्सिंग, उपशीर्षकं, पोस्टर-ट्रेलर करणारे, महोत्सव, ओटीटीवाले. या एजंटालाही पाहण्यासाठी लिंक दिली होती का? आरोप म्हणून विचारत नाही, पण यादीत त्याचंही नाव हवं. पुढे कुणालाही लिंक द्याल ती ४८० पिक्सलची, डाऊनलोड बंद, ७२ तासांत संपणारी. चित्राच्या मध्यावर, आडव्या पट्टीत, ज्याला दिली त्याचंच नाव असू द्या. कोपऱ्यातलं नाव कापून टाकता येतं, तोंडावरून गेलेलं काढायला कष्ट पडतात.

आता लिंका. सगळ्या लिंका जाणार नाहीत, आणि तसं उद्दिष्टही ठेवू नका. चित्रपटाचं नाव आणि पुढे 'फुल मूव्ही' असं शोधणाऱ्याला पहिल्या पानावर चोरीची प्रत मिळू नये, आणि हे शुक्रवार दुपार ते रविवार रात्र सांभाळलं जावं, इतकं साधलं तरी पुष्कळ. त्यासाठी एक माणूस नेमा, रोज सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहाला बसणारा. त्यानं एकाच तक्त्यात नोंद ठेवायची : पूर्ण लिंक, सापडल्याची वेळ, स्क्रीनशॉटचा क्रमांक, तक्रार केल्याची वेळ, गेल्याची वेळ. हाच तक्ता पुढे पोलिसांना आणि वकिलाला लागतो.

टेलिग्रामला कॉपीराइटची तक्रार ईमेलनं जाते, पत्ता 'डीएमसीए ॲट टेलिग्राम डॉट ऑर्ग'. इथं लोक नेमकी चूक करतात ती ही की चॅनलची लिंक देतात. ज्या संदेशात फाईल आहे त्या संदेशाची लिंक द्या, एकेका ओळीत एकेक. तक्रार कंपनीच्या ईमेलवरून, सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत जोडून, 'मी हक्कधारक आहे आणि दिलेली माहिती खरी आहे' हे वाक्य लिहून. टेलिग्राम सार्वजनिक चॅनलवर कारवाई करतं, खाजगी गप्पांवर नाही. आणि चॅनल बंद झालं तरी पुढे पाठवलेली फाईल दुसऱ्या चॅनलवर जिवंत राहते, म्हणून त्याच फाईलच्या नावानं पुन्हा शोधावं लागतं. 'पैसे द्या, काढतो' असा निरोप चॅनल चालवणाऱ्याकडून आला तर एक रुपयाही देऊ नका. पैसे देणारा निर्माता सापडला की त्याच चित्रपटाची लिंक पुन्हा पडायला वेळ लागत नाही.

यूट्यूबवर कॉपीराइटचा ऑनलाइन अर्ज आहे. आपोआप पकडणारी 'कंटेंट आयडी' यंत्रणा एका चित्रपटाच्या निर्मात्याला सहसा थेट मिळत नाही. तुमची गाणी ज्या म्युझिक कंपनीला दिलीत तिच्याकडे किंवा यूट्यूबच्या अधिकृत भागीदाराकडे ती असते, त्यांच्यामार्फत संपूर्ण चित्रपटाची संदर्भफाईल चढवून घ्या. चोर चित्र आरशासारखं उलटं करतात, कडेला चौकट लावतात, वेग थोडा वाढवतात. ते यंत्रणेला चकवतं, म्हणून डोळ्यांनी शोधणं सुटत नाही. फेसबुकवर यासाठी 'राइट्स मॅनेजर' आहे. गुगलला स्वतंत्र तक्रार करा. तिथं मूळ फाईल जात नाही, पण शोधातून पान निघतं, आणि सामान्य प्रेक्षक शोधातूनच पोचतो. लिंका काढणारी एजन्सी नेमली तर आधी तुमच्या अधिकृत ट्रेलर-गाण्यांच्या लिंकांची यादी तिच्या हातात द्या, नाहीतर घाईत तुमचाच ट्रेलर उडतो. मोबदला महिन्याचा ठरवा, 'दर लिंकेला इतके' असा नको.

याच्या जोडीला सरकारी मार्ग आहे, तो फार कमी मराठी निर्मात्यांना माहीत आहे. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा सुधारला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं सेन्सॉर बोर्ड आणि पीआयबी (सरकारचं पत्र सूचना कार्यालय) यांतले १२ अधिकारी पायरसीच्या तक्रारींसाठी नेमले. अर्जाचा नमुना मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे, आणि हक्कधारक किंवा त्यानं अधिकार दिलेला माणूस अर्ज करू शकतो. अधिकाऱ्याचा आदेश गेला की प्लॅटफॉर्मनं ४८ तासांत लिंक काढायची असते. शिवाय कॉपीराइट नियमांनुसार, नीट लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थ कंपनीनं (म्हणजे जिच्या प्लॅटफॉर्मवर प्रत आहे तिनं) ३६ तासांत ती प्रत बंद करायची आणि २१ दिवस बंद ठेवायची. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा खुली होऊ शकते. हा एकविसावा दिवस तक्त्यात लाल शाईनं लिहून ठेवा.

पोलिसांत जा, नक्की जा, पण कुणाविरुद्ध हे ठरवून. टेलिग्रामवरचा अनोळखी चॅनलवाला एका तक्रारीत सापडेल अशी आशा धरू नका. बस सापडते. पेनड्राइव्ह भरून देणारं मोबाईलचं दुकान सापडतं. लोकल केबलवर रात्री साडेनऊला पिक्चर लावणारा सापडतो. त्या ओळखीच्या माणसाला विचारून बसचा क्रमांक, सुटण्याची वेळ, थांबा, सीट क्रमांक आणि काढला असेल तर व्हिडिओ घ्या. चोरलेली प्रत लोकांना नफ्यासाठी दाखवणं हा सुधारित कायद्यातल्या ६ एबी कलमाचा भंग आहे, थेटरात चोरून चित्रण करणं ६ एए कलमाचा. शिक्षा किमान तीन महिने ते तीन वर्षे, आणि दंड किमान तीन लाखांपासून चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. म्हणून सीएकडून हिशेब तपासून घेण्याचं काम आत्ताच मार्गी लावा. त्याच्या जोडीला कॉपीराइट कायद्याचं ६३ वं कलम आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. ठाण्यात 'कोर्टात जा' असं ऐकवलं गेलं तर हा निकाल नम्रपणे पुढे ठेवा, आणि अधीक्षक कार्यालयाच्या सायबर विभागाकडेही अर्ज द्या.

पुराव्याचं एक काम आज रात्रीच करा. फुटलेली फाईल एकदाच उतरवा आणि तिचा 'शा-२५६' हॅश काढा. विंडोजमध्ये 'सर्टयूटिल' ही आज्ञा ते करते. ६४ अक्षरांचा तो आकडा फाईलचा अंगठा समजा. फाईलमध्ये एक बिट बदललं तरी तो बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात हा हॅश लिहायचा असतो. प्रमाणपत्राचा एक भाग तुम्ही भरता, दुसरा तज्ज्ञ. हॅश न काढता महिनाभर फाईल या लॅपटॉपवरून त्या लॅपटॉपवर फिरली की समोरचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवतो.

पाहुण्यांच्या ग्रुपचं काय? तक्रार करू नका, फोन करा. व्हॉट्सॲपवर साधारण अडीच दिवसांपर्यंतच 'सर्वांसाठी डिलीट' होतं, ती मुदत गेली असेल तर ग्रुपच्या ॲडमिनला सांगून संदेश काढा. आणि रागाच्या भरात चॅनलच्या नावासह स्क्रीनशॉट फेसबुकवर टाकला असेल तर तो आत्ता उतरवा. त्याच्यामुळं निषेधापेक्षा पत्ता जास्त पोचतो.

आता हिशेब, कारण सहीचा निर्णय तिथं आहे. १५० रुपयांचं तिकीट धरा. शंभरावरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे निव्वळ १२७ रुपये. मल्टिप्लेक्समध्ये निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५०, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३० टक्के, हे हिंदीतलं रूढ गणित. तुमचा करार तसाच असेल आणि वितरकाचं कमिशन १० टक्के असेल, तर पहिल्या आठवड्यात तिकिटामागे तुमच्या हाती ५७ रुपये, दुसऱ्यात ४८-४९. रोज १७ शो, शोला सरासरी ३५ माणसं, तर आठवड्याचे दोन लाख. आकडा लहान आहे. पण त्याच्याशेजारी 'कायमचे, सगळे हक्क' सहा लाख ठेवून बघा.

आणि हेच लहान मराठी चित्रपटाचं खरं दुखणं आहे, ते इथं थांबून सांगायला हवं. मोठ्या हिंदी चित्रपटाची कमाई पहिल्या तीन दिवसांत होऊन जाते, चौथ्या दिवशी फुटला तरी बरंच हाती लागलेलं असतं. तुमचा चित्रपट तोंडी प्रसिद्धीवर चालतो. पहिल्या रविवारी ज्यांनी बघितला ते सोमवारी कामावर सांगतात आणि ऐकणारा दुसऱ्या शनिवारी तिकीट काढतो. कॅम प्रत बरोबर त्या मधल्या पाच दिवसांत येते आणि ऐकणाऱ्यालाच थेटराच्या वाटेवरून वळवते. त्यामुळे शो उतरतात, शो उतरल्यामुळे ओटीटीवाला भाव पाडतो, कारण आता बहुतेक प्लॅटफॉर्म थेटरातली कमाई बघून किंमत लावतात. २०२०-२१ मध्ये थेटरं बंद असताना थेट खरेदी झाली, तो काळ मनात धरून आजचा हिशेब करू नका. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट कंपन्यांची संघटना यांच्या २०२४ च्या अहवालात २०२३ मधल्या पायरसीचा आकडा २२,४०० कोटी रुपये दिला आहे, त्यातले १३,७०० कोटी थेटरच्या चित्रपटांचे. आकडा प्रचंड आहे, पण प्रत्येक डाऊनलोड म्हणजे बुडालेलं तिकीट असं मानू नका. ज्या गावात थेटरच उरलं नाही तिथला माणूस तुमचं तिकीट काढणारच नव्हता, कारण तिकीटखिडकीच नव्हती. तो तुमचा पुढचा गिऱ्हाईक आहे.

त्याच्यापर्यंत पोचायचा एक मार्ग सभागृहाचा आहे. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनासारखं सभागृह, किंवा तालुक्याच्या गावातलं, तिथं जिल्हाधिकारी कार्यालयाची तात्पुरती परवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्र घेऊन खेळ लावा. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, म्हणजे शंभरातले ९५ उरतात आणि थेटराचा वाटा नाही. दोनशे माणसं आली तर १९ हजार. त्यातून भाडं, प्रोजेक्टर, प्रवास जाईल. खेळ तुमच्याच माणसानं, तुमच्याच हार्डडिस्कवरून चालवायचा, आणि डिस्क त्याच रात्री परत आणायची. सभागृहाच्या लॅपटॉपवर फाईल उतरवून दिली की दुसऱ्या फुटीची सोय आपणच केली.

आणि मग ओटीटी. एजंटाला लिहून कळवा की 'सगळे हक्क' ही वस्तू विकायला नाही. सबस्क्रिप्शनवरचे, भाड्यानं बघण्याचे, जाहिरातींवर फुकट दाखवण्याचे, टीव्हीचे, डबिंगचे, रिमेकचे, असे तुकडे आहेत आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. सबस्क्रिप्शनचे हक्क तीन वर्षांसाठी द्या. कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो. पण करारांत बहुधा 'हे कलम लागू होणार नाही' अशी ओळ घुसडलेली असते. ती खोडा. प्रीमियरची तारीख रिकामी असेल तर सही करू नका : मोठा प्लॅटफॉर्म चित्रपट घेऊन वर्ष-वर्ष ठेवून देतो आणि तेवढ्या काळात बघायला मिळते ती फक्त चोरीची प्रत.

पैसे 'पाहिलेल्या तासांवर' मिळणार असतील तर गणित असं : समजा तासाला चार रुपये, दोन तासांचा चित्रपट, माणूस सरासरी ५० मिनिटं बघतो. एक लाख लोकांनी बघितला तरी ८३ हजार तास, म्हणजे ३ लाख ३३ हजार. म्हणून किमान हमी रक्कम मागा, अर्धी फाईल मंजूर झाल्यावर, उरलेली प्रीमियरला किंवा ६० दिवसांत, जे आधी येईल तेव्हा. आणखी दोन ओळी घाला. एचडी दर्जा फक्त हार्डवेअर-सुरक्षित फोन-टीव्हीवर, म्हणजे वाइडवाइन (गुगलचं व्हिडिओ-कुलूप) एल-वन असलेल्या, द्यायचा. एल-थ्री हे नुसतं सॉफ्टवेअरचं कुलूप आहे आणि ते फुटतं. आणि प्रीमियरनंतर स्वच्छ प्रत बाहेर पडली तर लिंका काढण्याचा खर्च प्लॅटफॉर्मचा. ती पडतेच, बहुधा पहिल्याच दिवशी, आणि त्यानंतर थेटर संपतं. म्हणून ओटीटीची तारीख शेवटचा सभागृहाचा खेळ उरकल्यावरची धरा, पण त्यानंतर लगेचची. मधे दोन महिन्यांची पोकळी ठेवली तर ती टेलिग्रामच भरतो.

कागद आत्ताच गोळा करायला लागा, कारण सौदा अडतो तो इथं : कथा, पटकथा, संवाद लिहिणाऱ्यांचे करार, संगीताचे ना-हरकत पत्र, कलाकारांच्या सह्या, प्रोरेस मास्टर (उच्च दर्जाची अंतिम फाईल), ५.१ आणि स्टिरिओ आवाज, संवादाविना संगीत-ध्वनीचा वेगळा ट्रॅक, इंग्रजी उपशीर्षकं. गाणी देताना म्युझिक कंपनीला दृश्यासह हक्क गेले आहेत का, ते बघा. गेले असतील तर तुमच्याच चित्रपटावर तिचा दावा लागतो. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, तरी चित्रपटासाठी पाच हजार रुपये शुल्क भरून करून घ्या.

मामांना हे उत्तर वाचून दाखवा. सोमवारी सकाळी क्रम असा : हॅश आणि तक्ता घेऊन वकील, मग पोलीस ठाणं, दुपारी मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना अर्ज. एजंटाला उत्तर मंगळवारी, ईमेलनं, फोनवर नाही.